तो बोलून राहिला

"थांबा. तो बोलून राहिला."

असं म्हणून मामी उजव्या हाताचा पंजा वर करायची आणि डोळे मिटलेलेच ठेवायची. मग खोलीत कुणाची खोकायचीही टाप नव्हती. मामीचं स्वतःचं बोलून झालेलं असायचं. पण आता वरती, पित्याच्या उजवीकडे बसलेला प्रभू येशू आमच्यातल्या कुणासाठी तरी रदबदली करतो आहे, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत आपण खाली गप्प बसायचं, असा तिचा नियम होता. काही वेळानं पंजा खाली यायचा. "झालं," ती म्हणायची आणि पुढचं नाव घ्यायची.

तुम्ही कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत जाऊन बसा, दुसऱ्यासाठी प्रार्थना करणारे पुष्कळ भेटतील. छान बोलतात, रडतातसुद्धा. पण आपलं बोलून झाल्यावर वरचं बोलणं संपायची वाट बघत बसणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. आणि त्या वाट बघण्यानं माझा जितका जळफळाट झाला, तितका आयुष्यात दुसऱ्या कशानं झाला नाही.

मामी नेमकी कुणाची मामी, हे गोंदियात कुणालाच ठाऊक नव्हतं. देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मिशनच्या दवाखान्यात ती आया होती, बाळंतिणींचं बघायची. बांधा दणकट आणि आवाज त्याहून दणकट. सकाळ-संध्याकाळ दातांना गुडाखू लावायची. तंबाखूची ती काळी लुगदी डॉक्टरीणबाईंना मुळीच खपत नसे. "मामी, हे आता सोडा," त्या म्हणायच्या. "सोडतो जी," मामी म्हणायची. आमच्याकडच्या बायका 'सोडते' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'सोडतो'च म्हणतात. गुडाखू मात्र तिनं सोडली नाही.

मी मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर होतो. आमची मंडळी लहानशी. दवाखान्याचा कंपाउंडर, एक-दोन फायरमन, एक म्हातारे गार्डसाहेब, सांधेवाला सॅम्युएल आणि त्यांची बायकापोरं, बहुतेक सगळी रेल्वेच्या क्वार्टरांत राहणारी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, मी द्यायचो. गुरुवारी दिवेलागणीला कुणाच्या तरी घरी प्रार्थनेची बैठक असायची. तिथं पेटी माझ्याकडे. शेवटचं गाणं मी सुरू करायचो, आणि ते झालं की चहा.

बैठकीत जो तो आपली अडचण सांगायचा. मामी ऐकून घ्यायची. मग मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून सुरू व्हायची. बोलायची ती थेट येशूशी, आणि तेही शेजारणीकडे निरोप ठेवावा तसं.

"प्रभू, कंपाउंडरच्या बायकोले पुन्हा दिवस राहिले. मागच्या खेपेचं तुले माहीत आहे. तू बापाजवळ बसून आहेस, त्याले सांग. म्हणाव, या बारीले राहू दे. मी काय बोलू? तू बोल."

आणि पंजा वर.

हा पंजा प्रत्येकासाठी सारखाच वेळ वर राहत नसे. इथंच सगळी गोम होती. फायरमनच्या बदलीसाठी तो थोडाच वेळ वर राहिला. कंपाउंडरच्या बायकोसाठी मालगाडी यार्डातून सरकत गेली, तिचा शेवटचा डबा गेला, तरी पंजा वरच. आणि सॅम्युएलचं नाव निघालं, की आत चुलीवर ठेवलेलं चहाचं पाणी आटून जायचं आणि घरच्या बाईला पुन्हा पाणी ओतावं लागायचं.

सगळ्यांत शेवटी माझी पाळी. "अना आपले मास्तर," मामी म्हणायची. अना म्हणजे आणि. मास्तरांचं काय, ते काही नाही. नुसतं 'आपले मास्तर'. आणि लगेच गाणं सुरू व्हायचं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून माणूस जळतो का? जळतो. कसा ते सांगतो.

मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलो. मला तिथं कुणी आणून सोडलं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सुट्टी लागायची वेळ आली, की इतर पोरांचे काका, मामा यायचे आणि वॉर्डनसाहेबांपुढे उभे राहायचे. आमच्या पोराला दोन दिवस आधी सोडा, साहेब. आमच्या पोराला वरच्या वर्गात घाला. आमच्या पोराला मारू नका. साहेब ऐकायचे किंवा हाकलून द्यायचे, ते सोडा. पण आपल्यासाठी कुणीतरी टोपी हातात घेऊन उभं आहे, हे ते पोर दाराआडून बघत असायचं. माझ्यासाठी त्या दारात कुणी आलं नाही. तेव्हा मी ठरवलं, की आपल्यासाठी कुणी शब्द टाकायची पाळीच येऊ द्यायची नाही. वेळेवर उठलो, पहिला नंबर सोडला नाही, कुणाच्या अध्यात-मध्यात पडलो नाही, आणि त्याच शिस्तीत मास्तर झालो.

म्हणून आमच्या धर्मातली बाकी शिकवण एका बाजूला आणि ही एक दुसऱ्या बाजूला. येशू मेला, उठला, स्वर्गात गेला, इथपर्यंत सगळेच सांगतात. पण वर जाऊन तो करतो काय? तो आपल्या माणसांसाठी बापाशी बोलतो. जुन्या काळी यहुद्यांचा महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, इस्राएलच्या बारा वंशांची नावं छातीवर घेऊन देवासमोर जायचा. तसाच हा आपली नावं घेऊन आत गेला आहे आणि अजून बोलतोच आहे. मुलांना हे शिकवताना तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नसे. पण त्या नावांत माझं नाव आहे का, असलं तर त्यावर तो किती बोलतो, हे मला कोण सांगणार? पुस्तकात होतं, मला पाठही होतं, पण पोट भरत नव्हतं. गोंदियात ते एका मामीच्या पंजावरून कळत होतं, आणि तो माझ्यासाठी वर जातच नव्हता.

आता सॅम्युएल बघा. यार्डात सांधे बदलायचं काम. म्हणजे गाडी कुठल्या रुळावर जायची ते या माणसाच्या हातात, आणि त्या हाताला मोहाच्या दारूचा वास. दर पगाराला बायको मामीकडे रडत यायची. मामी आधी सॅम्युएलला फैलावर घ्यायची, मग यार्डाच्या साहेबांकडे जायची. "फिर आ गई, बाई?" साहेब वैतागून म्हणायचे. "आली जी," मामी म्हणायची आणि बाकावर ठाण मांडायची. साहेबांपुढे आणि देवापुढे तिची बसायची पद्धत एकच होती.

एकदा मी न राहवून विचारलंच. "मामी, सॅम्युएलसाठी इतका वेळ?"

"काऊन? तुमचा चहा थंडा होऊन राहिला का?"

"तसं नाही. पण प्रत्येक गुरुवारी तेच."

"त्याचं लफडं मोठं आहे, मास्तर. सांगाले वेळ लागते."

"आणि माझं?"

मामीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचं तुम्हाले माहीत," ती म्हणाली आणि बाळंतिणीच्या खोलीत निघून गेली.

सरळ वागल्याचं हेच फळ असेल, तर मीही मोहाची प्यायला लागावं, असं त्या दिवशी मनात आलं. हिंमत झाली नाही एवढंच.

पुढच्या पावसाळ्यात मला हिवताप झाला. अगदी दात वाजवणारा. चोरखमारा गावाकडून आलेला एक पालक मला शाळेतून धरून घरी घेऊन आला. मामी लगेच आली. तिनं कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, तांदळाची पेज करून पाजली, पाय चेपले. गुरुवार होता. मला तापातही आनंद झाला. मनात म्हटलं, आज लफडं माझं मोठं आहे. आज बैठक इथं, माझ्या खाटेजवळ होईल.

तेवढ्यात सॅम्युएलची बायको धापा टाकत आली. नवऱ्यानं पिऊन सांधा चुकवला होता आणि एक रिकामा डबा रुळांवरून घसरला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण साहेबांनी सॅम्युएलला बसवून ठेवलं होतं आणि आता नोकरी जाणार हे नक्की होतं. मामी उठली. पदर खोचला.

"मामी, मला थंडी वाजते आहे," मी म्हणालो.

"गोधडी घ्या जी. मी येतो."

ती गेली ती दिवे लागून बराच वेळ झाला तरी आली नाही. मी गोधडीत पडून होतो आणि ताप चढला की राग चढला हे मला कळत नव्हतं. सॅम्युएलची नोकरी वाचली. साहेबांनी त्याला सांध्यावरून काढून दिवे पुसायच्या कामावर टाकलं. आनंद व्हायला हवा होता. मला इतका मत्सर वाटला की पेजेची चव दोन दिवस कडू लागली.

बरा झाल्यावर मी रविवारचा संदेश दिला, तो मुद्दाम त्याच विषयावर. मध्यस्थ एकच आहे, मी म्हणालो. तो सगळ्यांसाठी सारखाच बोलतो. एखाद्यासाठी कमी, एखाद्यासाठी जास्त, असं तिथं नाही. त्याचं बोलणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे हात वर करून सांगणारे आपण कोण? म्हातारे गार्डसाहेब मान डोलावत होते. तो संदेश मला आजही चांगलाच वाटतो. त्यात शास्त्राला सोडून एक शब्द नव्हता.

उपासना सुटल्यावर मामी पायरीवर चपला घालत थांबली होती. मी म्हटलं, आता भांडेल.

"चांगलं बोलले, मास्तर," ती म्हणाली. "मोठे लंबे बोलले."

मग पायरीवर बसून तिनं मला तिच्या बापाची गोष्ट सांगितली. सालेकशाच्या बाजूला तिचं गाव. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच कायद्यानं गेली होती, पण ती गोष्ट तिच्या लहानपणची, मालगुजाराचा दरारा होता तेव्हाची. तिचा बाप त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कूळ होता. दर वर्षी बांधी आपल्याकडेच राहावी म्हणून घरच्या सगळ्यांनी मालगुजाराच्या ओसरीपुढे जाऊन उभं राहायचं. कुळानं स्वतः बोलायचं नाही, अशी रीत. गावातला एक वजनदार म्हातारा त्यांच्या वतीनं बोलायचा.

"तो बोलून राहिला का आमी सारे चूप," मामी म्हणाली. "माय आमच्या तोंडावर हात ठेवे. एका साली माझा मोठा भाऊ मधात बोलला. म्हणे, मी चिखल केला, मी रोवणा केला, मी रातदिवस राबलो. तसा म्हातारा चूप झाला. मालगुजार म्हणे, मंग तूच सांग. भावाले काही सांगताच आलं नाही. बांधी गेली."

"मग?"

"मंग काय? मधात बोलाचं कायले?"

ती उठली आणि गेली. मला वाटलं, माझ्या संदेशावर नाराज आहे आणि आडून बोलते आहे. मी पेटी बंद करून घरी आलो.

त्यानंतरही गुरुवार येत राहिले. कंपाउंडरची मुलगी पायावर उभी राहून बैठकीत धुडगूस घालायला लागली. सॅम्युएल दिवे पुसत राहिला, मधूनमधून पीत राहिला, आणि मामीचा पंजा त्याच्यासाठी वर राहत राहिला. माझ्यासाठी 'आपले मास्तर' आणि गाणं.

मग मामीचे हात कापायला लागले. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाचं काम तिच्याकडून काढून घेतलं. "मी आता भाचीकडे जातो," तिनं एक दिवस सांगून टाकलं. भाची सालेकशाजवळच्या त्याच गावात दिली होती. जायच्या आधीची शेवटची बैठक मी हट्टानं माझ्या घरी ठेवली. सकाळीच खोली सारवून घेतली, नवी चटई आणली, मामीची जागा पेटीच्या बरोबर समोर केली. एकदाच, मी मनात म्हणत होतो. जाताना तरी एकदा.

त्या संध्याकाळी मामीनं सावकाश एकेक नाव घेतलं. कुणालाच घाई नव्हती. सॅम्युएलसाठी पंजा वर गेला तो इतका वेळ, की तो कापणारा हात तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मी एक डोळा उघडून ते बघत होतो. मग ती म्हणाली, "अना प्रभू, आपले मास्तर."

माझी बोटं पट्ट्यांवर होतीच. सूर लागला, गाणं सुरू झालं. मामीचा पंजा गुडघ्यावरून जेमतेम उचलला होता. तो तसाच परत खाली गेला. चहा पिताना ती बशीवरून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी स्टेशनावर आली. मामी बायकांच्या डब्यात खिडकीशी बसली. मी तिला मुरमुऱ्यांचा पुडा दिला. "शाळा सांभाळा, मास्तर," ती म्हणाली. आणि मग तिनं हाक मारली ती सॅम्युएलला. तो खिडकीला तोंड लावून उभा राहिला आणि ती त्याच्या कानात बोलत राहिली. गार्डानं हिरवी झेंडी दाखवली तरी ती बोलतच होती. सॅम्युएलनं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. गाडी हलली. शेवटचं बोलणंसुद्धा त्या दारुड्याला! मी कुणाची वाट न बघता फाटकाकडे चालायला लागलो. सॅम्युएल मागून "मास्टरजी, मास्टरजी" करत होता, पण मी थांबलो नाही.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा भाचीचा नवरा निरोप घेऊन आला. मामी झोपेतच गेली होती, आणि पुरलीही होती. आम्हाला माती द्यायलाही मिळालं नाही. मी शाळेत फळ्यासमोर उभा होतो. मुलांना पाढे म्हणायला लावले आणि त्यांच्याकडे पाठ करून रडलो.

गुरुवारी बैठक सॅम्युएलच्या घरी होती. त्याचं पिणं पुरतं सुटलं नव्हतं, पण गुरुवारी तो पीत नसे. मामीची जागा रिकामी होती, आणि प्रार्थना कोण करणार हे ठरलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला. पण सॅम्युएल तोवर त्या जागेवर, पेटीच्या समोर, मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं सुरुवात केली. दिवे पुसणारा माणूस, आणि तिच्या जागेवर! मला वाटलं, पेटी उचलावी आणि चालतं व्हावं.

त्याला मामीसारखं बोलता येत नव्हतं. अर्धं हिंदी, अर्धं आमचं. पण नाव त्यानं एकही चुकवलं नाही, आणि प्रत्येक नावानंतर त्याचा तेल मुरलेला, काळा पंजा वर जात होता. शेवटी तो म्हणाला, "और प्रभू, आपले मास्टरजी."

मी भात्याला हात घातला. तो हलेना. मी डोळे उघडले. सॅम्युएलनं डावा हात भात्यावर दाबून ठेवला होता. उजवा पंजा वर होता.

"थांबा, मास्टरजी," तो म्हणाला. "तो बोलून राहिला."

"सॅम्युएल, हात काढ."

"नाही काढत जी. मामी गाडीत बसून मले बोलली होती. म्हणे, 'मास्तरच्या नावाले भात्यावर हात ठेवजो, बाबू. तो मानूस प्रभूले आपल्याविषयी एक शब्द बोलू देत नाही. मी हात उचलला का याचं गाणं सुरू. इतक्या सालापासून प्रभू तोंड उघडून बसून आहे.' तुम्हाले सांगाले मी मागून धावलो होतो. तुम्ही थांबलेच नाही."

म्हणजे खिडकीशी त्या दिवशी चाललं होतं ते माझ्यासाठी. झेंडी दाखवली तरी ती माझ्यासाठी बोलत होती, आणि मी सॅम्युएलवर जळत फाटकाबाहेर पडत होतो.

मी भात्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. कुणी बोललं नाही, कुणी खोकलं नाही. सॅम्युएलच्या हाताच्या तेलाचा वास येत होता. बऱ्याच वेळानं मी हळूच एक डोळा उघडला. पंजा वरच होता.

आत चुलीवर चहाचं पाणी आटत आलं होतं. सॅम्युएलची बायको पाय न वाजवता उठली आणि तिनं त्यात पुन्हा पाणी ओतलं.